सोयीचा ज्वालामुखी

बहरीनमधल्या सित्रात ज्वालामुखी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्वालामुखीपाशी असावं असं बाकीचं सगळं इथे आहे आणि नवा माणूस फसतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, वारा एका विशिष्ट बाजूने आला की गंधकाची आठवण येते, आणि रात्री आकाशात एक ज्योत जळत असते. विमान उतरायला लागलं की खिडकीपाशी बसलेलं, भारतातून पहिल्यांदाच आलेलं पोर हटकून ओरडतं, ‘‘बाबा, व्होल्कॅनो!’’ बाबांची इथे निम्मी नोकरी झालेली असते. ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतात, ‘‘फ्लेअर आहे ती. पट्टा लाव.’’

सित्राला लागून 1936 सालापासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याच्या टाक्या, त्याचा धक्का, त्याचे नळ या सगळ्यांच्या मधून वाट काढत सित्राची जुनी गावं अजून उभी आहेत. एके काळी इथे खजुराच्या बागा होत्या आणि गोड्या पाण्याचे झरे होते, असं म्हातारे लोक सांगतात. आता झऱ्यांच्या जागी वर्कशॉपं आहेत. कारखान्यात जास्तीचा वायू साठवून ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून तो उंच धुराड्याच्या टोकाला नेऊन जाळून टाकतात. तीच ही ज्योत. म्हणजे बघणाऱ्याला जी भीती वाटते, ती प्रत्यक्षात सुरक्षेची व्यवस्था आहे. एखाद्या रात्री ती नेहमीपेक्षा मोठी झाली की नवखे गच्चीवर धावतात. जुने लोक जागचे हलत नाहीत. करक चहाचा घोट घेत म्हणतात, ‘‘युनिट ट्रिप झालं वाटतं.’’ म्हणजे कारखान्यातलं एखादं युनिट अचानक बंद पडलं. आणि विषय पुन्हा गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवर जातो.

डोंगर म्हणाल तर तोही आहे. जबल अद-दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. बहरीनमधला सर्वांत उंच. उंची 134 मीटर. सिंहगडावर दही खायला जाणारा पुणेकर याला डोंगर म्हणायला तयार होणार नाही, फार तर ‘चढ’ म्हणेल. धूर त्यातून कधीच येत नाही. दमट दिवसांत त्याच्याभोवती जी धुकट हवा तरंगते तिच्यावरून हे नाव पडलं. त्याच्या पायथ्याशी 1932 मध्ये तेल लागलं, आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं. म्हणजे धूर नावापुरता एका ठिकाणी, आग दुसऱ्या ठिकाणी सित्राजवळ, आणि शुद्ध करायचं बरंचसं कच्चं तेल तर सौदीहून नळाने येतं. ज्वालामुखीचं काम असं तीन खात्यांत वाटून दिलेलं आहे. सरकारी कचेऱ्यांची सवय असलेल्या माणसाला ही रचना लगेच समजते.

ही आग बघायला खास विमानाने आलेले पहिले परदेशी पाहुणे इटालियन होते. 1940 च्या ऑक्टोबरात एत्तोरे मुतीच्या नेतृत्वाखाली चार बॉम्बर विमानं ऱ्होड्स बेटावरून उडाली, रातोरात अरबस्तान ओलांडून इथवर आली, 19 तारखेला रिफायनरीवर बॉम्ब टाकून एरिट्रियात जाऊन उतरली. चार हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! एक विमान तर चुकून समोर सौदीतल्या धाहरानवर बॉम्ब टाकून गेलं. नुकसान किरकोळ झालं. आता बघा, ज्यांच्या घरी एटना आहे, व्हेसुव्हियस आहे, स्ट्रॉम्बोली आहे, ती माणसं व्हिसाबिसा न घेता आमची ज्योत विझवायला एवढ्या लांब येतात! पुढे 1944 मध्ये व्हेसुव्हियसने त्यांच्या वतीने उट्टं काढलं. त्या मार्चमधल्या राखेने पायथ्याच्या तळावर उभी असलेली ऐंशीच्या आसपास अमेरिकन बॉम्बर विमानं निकामी केली. मुतीच्या विमानांना जे उडून जमलं नाही ते डोंगराने बसल्या जागी केलं. मात्र तोवर इटलीने युद्धात बाजू बदललेली होती, आणि हे डोंगराला कोणी कळवलं नव्हतं.

इतकं सगळं फुकट उपलब्ध असताना सित्रात काम करणारा मराठी माणूस ईदच्या सुट्टीत कुठे जातो? ज्वालामुखी बघायला जातो. आमचे एक शेजारी पलीकडच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात पॉटरूममध्ये आहेत. तिथे भांड्यांमधला रस साधारण 960 अंशांवर असतो आणि शेजारी त्याच्यापासून चार पावलांवर बारा तासांची पाळी करतात. त्यांनी बालीची सहल घेतली आणि मध्यरात्री उठून, बॅटऱ्या लावून, थंडीत कुडकुडत बाटूर नावाचा डोंगर चढले. वर भेगांतून वाफ येते, त्या वाफेवर वाटाडे अंडी उकडून देतात. ‘‘काय अनुभव आहे म्हणून सांगू!’’ ते म्हणाले. मी विचारलं, ‘‘पण गरम गोष्टींचा तुम्हाला...’’ त्यावर ते गंभीर झाले. ‘‘इथे सेफ्टी ऑफिसर असतो हो. तिथे मोकळेपणा आहे.’’

हा मोकळेपणा मात्र नीट आखलेला लागतो. ज्वालामुखी बघायला जाणाऱ्या माणसाच्या अटी मी बऱ्याच वर्षांपासून ऐकत आलो आहे. ज्वालामुखी जिवंत हवा, पण आपण असताना त्याने अंगावर येऊ नये. अगदी शांतही राहू नये, नाहीतर पैसे वाया. स्फोट व्हावा तो साधारण जेवणाआधी व्हावा. जवळ स्वच्छतागृह असावं. आणि आपल्या मागच्या बॅचला जो दिसला त्याच्यापेक्षा आपल्याला थोडा मोठा दिसावा, कारण त्या बॅचमध्ये साडू होता.

या अटींना उतरणारा जगात एकच आहे, तो इटलीचा स्ट्रॉम्बोली. हा गेली दोन हजार वर्षं तरी दहा-वीस मिनिटांनी एकदा, नियमाने, थोडासा फुटतो. पूर्वी खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत. पण 2019 मध्ये त्यानेही दोनदा शिस्त मोडली, तेव्हापासून माथ्यावर जायला बंदी आहे. आइसलंडने 2021 मध्ये पर्यटकांची फार चांगली सोय केली. राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर, वस्ती नसलेल्या खोऱ्यात, त्या भागात आठशे वर्षांनी लाव्हा आला आणि तोही संथपणे. लोक पोराबाळांना घेऊन गेले, लाव्हावर सॉसेज भाजून खाल्ले. त्याच आइसलंडमध्ये ब्लू लगून नावाचं निळं कोमट तळं आहे, त्यात डुंबायला लोक आधी नोंदणी करतात आणि भरमसाट पैसे मोजतात. ते तळं म्हणजे शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्राने सोडून दिलेलं पाणी. 1976 मध्ये ते साचायला लागलं आणि पुढे कोणीतरी त्यात उतरलं. सित्राच्या वीज आणि पाणी केंद्रातूनही समुद्राचं पाणी गोडं करून झाल्यावर उरलेलं गरम, खारं पाणी समुद्रात परत जातं. त्यात उतरायला एक पैसा पडणार नाही. कोणी उतरत नाही. तिकीट नसलेल्या पाण्यावर आपला विश्वास बसत नाही.

तिकिटाचा शोध मात्र जुना आहे. व्हेसुव्हियसवर 1880 मध्ये दोरखंडाने ओढलेली रेल्वे सुरू झाली. ती चालेना, तेव्हा थॉमस कुकच्या कंपनीने विकत घेतली. सहली नेणाऱ्या कंपनीच्या मालकीची ज्वालामुखीवरची गाडी! आजही कुठल्याही टूर मॅनेजरला हे ऐकून भरून येईल. लाव्हाने ती पुन्हा पुन्हा मोडली, कंपनीने पुन्हा पुन्हा बांधली, आणि 1944 मध्ये डोंगराने विषय संपवला.

हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक गोष्ट यात आहे. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 9 डिसेंबर 2019 ला दुपारी स्फोट झाला तेव्हा बेटावर 47 माणसं होती, त्यातली 22 गेली. बरेचसे क्रूझवरून दिवसाच्या सहलीला आलेले. ज्वालामुखी जागा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तेच तर जाहिरातीत होतं. तेव्हापासून मी सहलीच्या पत्रकातला ‘थरार’ हा शब्द जरा सावकाश वाचतो.

तर आता मावशी आणि काका. हे दोघे आमच्याकडे हिवाळ्यात राहायला आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मावशी कशातूनही निवृत्त न झालेली. आल्या दिवशी गच्चीवरून ज्योत दाखवली. मावशीने हात जोडले. काकांनी विचारलं, ‘‘रोज किती गॅस जळतो?’’ मला आकडा माहीत नव्हता. काकांचा माझ्यावरचा विश्वास तिथेच थोडा कमी झाला.

त्यांना कुठेतरी न्यायचं म्हणून बाकू ठरलं. बहरीनहून बाकू हे आता आखातातल्या मराठी माणसाचं महाबळेश्वर झालं आहे. थोडे तास विमान, सोपा व्हिसा, थंड हवा, आणि ओल्या जमिनीतून ज्वालामुखी. मावशीला कार्यक्रम समजावून सांगितला. पहिला दिवस जुनं शहर, दुसरा दिवस ज्वालामुखी. ती थोडी पुढे झुकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘जागृत आहे ना?’’ मी हो म्हटलं. त्या रात्री तिने सामानात नारळ टाकला.

अझरबैजानात चिखलाचे ज्वालामुखी तीनशेहून जास्त आहेत. बघायला जातात ते गोबुस्तानच्या बाजूचे. मोठी बस शेवटपर्यंत जात नाही. मुख्य रस्त्यावर जुन्या लाडा गाड्या उभ्या असतात, सोव्हिएत काळातल्या. त्यांचे चालक पर्यटकाला आत कोंबून खडकाळ माळरानावरून जे नेतात, तो या सहलीतला खरा जिवावरचा भाग. डांबर नाही, खुणा नाहीत, चालकाचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा मोबाइलवर. त्याने काकांना विचारलं, ‘‘इंडिया? मिथुन?’’ काका निवृत्त कार्यकारी अभियंता आहेत. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. चालक आनंदला आणि त्याने आणखी वेग वाढवला.

मग आला ज्वालामुखी. करड्या मातीचे कमरेएवढे, कुठे पुरुषभर उंचीचे सुळके, प्रत्येकाच्या डोक्यावर एक भोक, भोकात राखाडी चिखल, चिखलात दर थोड्या वेळाने एक बुडबुडा. बुडबुडा फुगतो, टम्म होतो, फुटतो, आणि चिखलाची एक बारीक ओघळ सुळक्यावरून उतरते. बस. खाली मिथेन वायू आहे, तो चिखल वर ढकलतो. लाव्हा नाही, आग नाही, वाफसुद्धा नाही. आम्ही सगळे वर्तुळ करून उभे होतो.

मावशी बराच वेळ बघून म्हणाली, ‘‘पिठलं रटरटतंय अगदी.’’

‘‘पिठलं गरम असतं,’’ काका म्हणाले, आणि त्यांनी चिखलात बोट घातलं. थंड. गार म्हणता येईल इतका थंड. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी अपेक्षाभंग म्हणणार नाही. तो एका जाणकाराचा तिरस्कार होता. ज्या माणसाने आयुष्यभर धरणांचे पाये खणताना चिखलात उभं राहून काम केलं, त्याला विमानाने आणून, दिरहम-दिनार-मनात मोजून, लाडातून हाडं खिळखिळी करून थंड चिखल दाखवला होता. ‘‘याला कोण ज्वालामुखी म्हणतं?’’ त्यांनी गाइडला विचारलं. गाइड तरुण मुलगी होती, चांगली इंग्रजी बोलणारी. तिने नम्रपणे सांगितलं की हे चिखलाचे ज्वालामुखी नेहमी असेच नसतात. 2021 च्या जुलैत कॅस्पियन समुद्रात एका बेटावरचा असाच एक फुटला, रात्री आकाशात आगीचा मोठा लोळ उठला, आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटलं तेलाच्या प्लॅटफॉर्मलाच आग लागली. तेल कंपनीला जाहीर करावं लागलं की आमचं सगळं ठीक आहे, तो ज्वालामुखी आहे.

मला आमच्या विमानातल्या खिडकीजवळच्या पोरांची आठवण झाली. सित्रात तेलाच्या आगीला ज्वालामुखी समजतात, बाकूत ज्वालामुखीला तेलाची आग समजतात. काकांना मात्र या योगायोगात रस नव्हता. ‘‘2021 ला का नाही आणलंस?’’ ते म्हणाले.

नारळ मावशीने सुळक्यापाशी ठेवला. फोडला नाही, कारण गाइडने ठिणगीबद्दल काहीतरी सांगितलं होतं आणि मावशीने ठिणगीवर कोणताही धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. लाडाचा चालक तो नारळ हातात घेऊन उलटसुलट करत होता. बहुधा त्याला वाटलं ही बक्षिसी. आम्ही तसंच वाटू दिलं.

संध्याकाळी यानार दाग. ही टेकडीच्या कुशीत जळणारी आग. दहाएक मीटर रुंदीची जमिनीलगतची ज्वाळांची रांग, खालून झिरपणाऱ्या वायूवर वर्षानुवर्षं जळते. पन्नासच्या दशकात कोणा मेंढपाळाने टाकलेल्या सिगारेटने ती पेटली, असं म्हणतात. समोर बसायला पायऱ्या केलेल्या आहेत, त्यावर शंभर-दीडशे माणसं चुपचाप बसून आगीकडे बघत होती. आखातातून आलेली निम्मी तरी असावीत. त्यातला कोण रिफायनरीत, कोण गॅस प्लांटमध्ये, कोण वेल्डर हे मला चेहऱ्यांवरून ओळखता येत होतं. वर्षभर आगीपासून लांब राहण्याचं प्रशिक्षण घेणारी माणसं तिकीट काढून आगीसमोर बसली होती. घरच्या आगीचा फोटो काढला तर सुरक्षारक्षक हटकतो, इथे सेल्फीला वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. काकांनी अंदाजाने ज्वाळांची लांबी-रुंदी मोजली, डोक्यात गुणाकार केला आणि म्हणाले, ‘‘सित्राची मोठी आहे.’’ त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्या नोकरीविषयी थोडा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सुराखानीतलं आतशगाह. ही जागा मात्र कोणाही मराठी माणसाला गप्प करते, निदान आधी. बाकूच्या कडेला पाचकोनी दगडी आवार, मध्ये चौथरा, त्यावर त्रिशूळ, आणि भोवती यात्रेकरूंच्या खोल्या. सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतान, पंजाब, सिंध या बाजूंचे व्यापारी आणि साधू इथे येऊन राहत, जमिनीतून आपोआप निघणाऱ्या आगीची पूजा करत. खोल्यांच्या दारांवर शिलालेख आहेत, काही गुरुमुखीत, बरेचसे देवनागरीत. मावशीने चष्मा पुसला आणि एका दारावरचा पहिला शब्दसमूह मोठ्याने वाचला, ‘‘श्री गणेशाय नमः.’’ कॅस्पियन समुद्राच्या काठी! आजूबाजूचे कोरियन पर्यटक तिच्याकडे वळून बघायला लागले. तिला आणखी जोर चढला. पुढची अक्षरं झिजलेली होती, पण तिने थांबण्याऐवजी अथर्वशीर्ष म्हणून टाकलं. गाइडने घड्याळ पाहिलं आणि आवर्तन पूर्ण होऊ दिलं. पाहुणचार याला म्हणतात.

(गणपतीचं या बाबतीत धोरण ठरलेलं दिसतं. जावातल्या ब्रोमो ज्वालामुखीच्या तोंडाशी, अगदी कड्यावर, गणपतीची मूर्ती आहे. तिथले तेंगर लोक हिंदू, आणि कसदा नावाच्या सणाला ते भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या विवरात अर्पण करतात. आतल्या उतारावर काही गरीब लोक जाळी धरून उभे असतात आणि ते वरच्यावर झेलतात. देवाला पोचतं, माणसालाही पोचतं. प्रसादाची इतकी चोख व्यवस्था मी आपल्याकडे मोठमोठ्या देवस्थानांत पाहिलेली नाही.)

आता आतशगाहची खरी गंमत. गाइड म्हणाली, भोवतालच्या शेतांतून वायू इतका उपसला गेला की इथली नैसर्गिक आग 1969 मध्ये विझली. आता चौथऱ्यावर जी दिसते ती शहराच्या गॅसवर. नळाने आणलेली.

मावशीचे जोडलेले हात तसेच राहिले, पण कोपर थोडे खाली आले. काका पुढे सरसावले. त्यांनी चौथऱ्याला प्रदक्षिणा घातली, भक्तिभावाने नव्हे, नळ कुठून येतो ते बघायला. मग त्यांनी विचारलं, ‘‘मीटर कोणाच्या नावावर आहे?’’

हा प्रश्न तिला याआधी कोणी विचारला नसावा. ‘‘म्यूझियम,’’ ती अंदाजाने म्हणाली. काकांनी समाधानाने मान हलवली. देव, आग, इतिहास यांच्यापैकी काहीही खरं-खोटं असो, बिल कोण भरतं ते कळलं की त्यांना झोप लागते.

परतताना विमानात काका माझ्याशी बोलले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, ‘‘अरे, आपण ज्वालामुखी बघायला कशाला बाहेर जातो? आपण राहतो कशावर?’’ मग त्यांनी दख्खनच्या पठाराची हकिकत सांगितली. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, थरावर थर, लाखो वर्षं. आजही त्याने व्यापलेली जमीन पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे, आणि पश्चिमेला काही ठिकाणी थरांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. भोरचा घाट म्हणजे तोच. वरंधा तोच. रायगडाचा कडा तोच. वेरूळचं कैलास ज्या खडकातून वरून खाली कोरत आणलं तो गार झालेला लाव्हा. ‘‘तुझ्या आजोबांची विहीर तीस फुटांवर कशाला अडली होती? सुरुंग लावला तो कशाला? लाव्हालाच लावला. मी स्वतः उभा होतो.’’

ते खरंच उभे होते, मला आठवतं. आमच्या घरात त्या खडकाला ‘मेला पाषाण’ याखेरीज दुसरं नाव नव्हतं. आज जगभरातले भूवैज्ञानिक त्याचे तुकडे पिशवीत घालून नेतात, डायनोसॉर मरण्यात त्याचा वाटा किती यावर परिषदा भरवतात, आणि भोर तालुक्यात त्याचा उपयोग गाडीच्या चाकाला उटी लावायला होतो.

काकांचं म्हणणं पुढे असं की आपल्याला स्वतःच्या ज्वालामुखीचं तिकीट लावता आलं नाही. अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे. लाव्हा गार होताना पडलेल्या उभ्या खांबांचा काळा सुळका, दोनशे फूट उंचीचा. असाच सुळका अमेरिकेत वायोमिंगमध्ये आहे, त्याला राष्ट्रीय स्मारक केलं, रस्ते केले, त्यावर हॉलिवूडचा सिनेमा निघाला. अंधेरीतल्या सुळक्याला इमारतींनी आणि झोपड्यांनी इतकं घट्ट धरून ठेवलंय की रिक्षावाल्यालाही विचारत जावं लागतं. आपण वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ बांधलं, खडकात पायऱ्या खोदल्या, आणि एका दगडात दोन्ही गोष्टी साधल्या. लोक वर जातात, नमस्कार करतात, खाली येतात. आपण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर उभे होतो हे कळत नाही म्हणून कोणाचं अडत नाही. (लोणारचं तर विचारूच नका. ज्या एका खड्ड्याला लोक बराच काळ ज्वालामुखीचं तोंड समजत होते, तो उल्का आदळून पडलेला निघाला. आपल्या नशिबी असलेलं विवरही बाहेरून आयात झालेलं.)

मला वाटतं काकांचं एक चुकतं. आपल्याकडचा ज्वालामुखी संपलाय, म्हणून तर तो घरचा. त्याच्यावर शेती करता येते, पाटाचं पाणी नेता येतं, भावकीत भांडता येतं. सित्राची ज्योत चालू आहे, पण तिच्यावर पगार येतो, म्हणून तिच्याकडेही कोणी मान वर करून बघत नाही. बघायला जायची आग ती, जिच्याशी आपला काहीएक संबंध नाही, जी पेटली तर आपली जबाबदारी नाही आणि विझली तर आपली नोकरी जात नाही. अशा आगीसमोर माणूस पायऱ्यांवर निवांत बसतो. पॉटरूममधले शेजारी बाटूरवर कुडकुडत गेले ते याचसाठी. हे मी काकांना सांगायला गेलो तेव्हा ते झोपले होते.

बहरीनला उतरताना मावशी खिडकीपाशी होती. तिने कोणालाही न उठवता ज्योत पाहून घेतली आणि घरी पोचल्यावर विचारलं, ‘‘काल रात्री मोठी होती का रे? आज लहान वाटली.’’ चार आठवड्यांत तिला युनिट ट्रिप होणं म्हणजे काय तेही समजलं. पुण्यात परत गेल्यावर तिने भिशीत सगळ्यांना बाकू आणि सित्रा असे दोन ज्वालामुखी पाहिल्याचं सांगितलं, असं माझ्या कानावर आलं. मी दुरुस्ती पाठवलेली नाही.

आता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुढच्या सहलीचा विषय चालू आहे. काकांनी अट घातली आहे, या वेळी चिखल नको, नळाचा गॅस नको, खरा लाव्हा हवा आणि शक्यतो रुपयांत हवा. म्हणून मी बॅरन आयलंड सुचवलं. अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे 135 किलोमीटरवर भर समुद्रात असलेला भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षं झोपला होता, 1991 मध्ये उठला, आणि तेव्हापासून अधूनमधून चालू असतो. 2017 च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर आपल्या तुकडीसह ‘सिंधु संकल्प’ जहाजावर त्या बाजूला समुद्राच्या तळाचे नमुने गोळा करत होते. ज्वालामुखी बघायला ते आलेच नव्हते. तो एकाएकी राख उडवायला लागला. त्यांनी जहाज सुमारे मैलभर मागे घेतलं आणि बघत राहिले. पाच-दहा मिनिटांचे लहान लहान उद्रेक, आणि अंधार पडल्यावर लाल लाव्हाचे फवारे. साडूच्या बॅचपेक्षा मोठा, जेवणाआधी, सुरक्षित अंतरावरून, आणि सरकारी खर्चाने. काकांनी हा मजकूर वाचून हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मुधोळकरांना होतं की लाव्हाला, ते स्पष्ट झालं नाही.

मग मी पुढची माहिती टाकली. पर्यटकांना बेटावर उतरता येत नाही, परवानगी घेऊन बोटीतूनच बघायचं. माणूस तिथे राहत नाही. काळी राख, गार झालेला लाव्हा, आणि ब्रिटिश काळात कधीतरी सोडलेल्या शेळ्यांची रानटी झालेली पिल्लावळ, जी अभ्यासकांनी तिथे टिकून राहिलेली पाहिली आहे.

गटावर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मावशीने विचारलं की बोटीत लागतं का, तिला उलटीचा त्रास आहे. भाच्याने शेळीचं चित्र टाकलं. रात्री उशिरा काकांचा निरोप आला.

‘‘माणसांना उतरायची बंदी आहे ते समजलं. शेळ्यांना परवानगी कोणत्या खात्याने दिली, ते आधी विचार.’’